न वाजणारा डबा

२ सप्टेंबर १९९४, शुक्रवार

लताबाई मॅडमनी गृहपाठ दिला. चौसष्टाव्या वर्षी गृहपाठ! म्हणाल्या, "रोज नको, पण मनात येईल तेव्हा चार ओळी लिहा. मी वाचणार नाही, कोणीच वाचणार नाही. फक्त खरं लिहा." कोणी वाचणार नसेल तर लिहायचं कशाला, असं विचारणार होतो, पण वर्गात मी सहसा तोंड उघडत नाही.

तर खरं लिहितो. मला या वर्गात यायचंच नव्हतं. रुपचंदनं, म्हणजे माझ्या चिरंजीवांनी, परस्पर नाव घातलं. म्हणे, "नाना, दिवसभर घरात बसून स्वतःची नाडी बघता, त्यापेक्षा कॉलेजात जा." इथे धुळ्यातल्या एका कॉलेजनं मागची खोली आम्हा साठीपुढच्यांना दिली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी वर्ग. कधी नकाशे, कधी तारे, कधी प्रथमोपचार, कधी बँकेपुरतं इंग्रजी. महिन्यातून एक सहल. घरी सगळे म्हणतात मी घाबरट आहे. मी घाबरट नाही, सावध आहे. उभी हयात जिल्हा परिषदेत काढली ती सावध राहूनच.

रविवारी लळिंगच्या किल्ल्यावर न्यायचं ठरलंय. म्हाताऱ्या माणसांना किल्ल्यावर! कोणाचा पाय घसरला तर काय, हा विचार कुणाच्या डोक्यातही नाही.

४ सप्टेंबर, रविवार

परत आलो. धडधाकट.

पण एका वळणावर फार वाईट अवस्था झाली होती. डावीकडे उतार, खाली आग्रा रोडवरचे ट्रक काडेपेटीएवढे दिसत होते. पुढे पाऊल जाईना, मागे जाईना. बन्सीलालशेठ वरून हसत होते. कापडाचं दुकान मुलांकडे सोपवून आलेला माणूस, त्याला दुसऱ्याचे हाल बघायला वेळच वेळ.

तेव्हा माझ्या पुढे लिलाबाई होत्या. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या, आमच्या वर्गात सगळ्यात कमी बोलणाऱ्या. त्या मागे न वळताच म्हणाल्या, "नाना, खाली बघू नका. वरही बघू नका. माझ्या टाचांकडे बघा आणि चला." मी बघितलं. भेगाळलेल्या टाचा, निळ्या पट्ट्याच्या चपला. टाच उचलली की मी पाय उचलायचो. असा वर पोहोचलो.

वर सगळ्यांनी डबे सोडले. लिलाबाई जरा बाजूला दगडावर बसून खात होत्या. मी म्हटलं, एकेकाला एकटं बसून जेवायची सवय असते.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

आज वर्गात गुलाबाईचा विषय निघाला. भाद्रपदाच्या पुनवेपासून मुली घरोघर गुलाबाई मांडतील, गाणी म्हणतील. गाणी संपली की झाकलेला डबा वाजवायचा आणि आत खाऊ काय ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय खाऊ नाही. माझ्या बहिणी हे करायच्या तेव्हा मी फक्त खायच्या वेळेला हजर असायचो.

नर्मदाबाई म्हणाल्या, आपणही वर्गात हा खेळ करू. नर्मदाबाईंना सगळ्या धुळ्याची खबर असते, पण कधीमधी बरं काही सुचतंही. मॅडमना फार आवडलं. म्हणाल्या, कान आणि आठवण दोन्हींचा व्यायाम होईल. एकेकानं डबा आणायचा.

"मी आणते पहिला," लिलाबाई म्हणाल्या. सगळे गप्प झाले. त्या कधी स्वतःहून बोलत नाहीत ना, म्हणून असेल.

२० सप्टेंबर, मंगळवार

लिलाबाईंचा डबा. पितळी, घट्ट झाकणाचा. त्यांनी हलवला, तर आवाजच नाही! मी म्हटलं, "शेंगदाणे." सगळे हसले. पण मला दुसरं काही सुचत नाही, काय करू? बन्सीलालशेठ म्हणाले, रिकामा आहे. लिलाबाई म्हणाल्या, "वाजतं ते कोणीही ओळखतं, शेठ. वाजत नाही ते ओळखायचं."

कुणालाच आलं नाही. शेवटी त्यांनी झाकण काढलं. दराब्याचे लाडू, दाबून दाबून भरलेले. तुपाचा वास खोलीभर.

मॅडमनी विचारलं, तुम्ही लहानपणी फार खेळला असाल. त्या म्हणाल्या, "खेळले नाही. ऐकलं." भडगावकडचं त्यांचं खेडं, गिरणेच्या काठी. पाटलांच्या घरी गुलाबाई बसायची. "आम्हाला आत बोलवत नसत. मी दाराबाहेर उभी राहायची. आतून डबा वाजला की बाहेरून मनात ओळखायची. आतल्या मुली चुकायच्या, माझं बरोबर यायचं. पण बाहेरून ओळखलेल्याला खाऊ नसतो." एवढं बोलून हसल्या. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

मग लाडू वाटले. बन्सीलालशेठना उपवास होता. नर्मदाबाईंचे दात दुखत होते. मॅडमनी दोन खाल्ले. मी माझा रुमालात बांधून खिशात ठेवला, सूनबाईला देऊ म्हणून. पुष्पाला सातवा लागलाय, तिला गोड आवडतं. वाटेत विचार आला, अशा अवस्थेत बाईला बाहेरचं कशाला द्यायचं. मारुतीच्या देवळापाशी गाय उभी होती, तिला घातला. गाईला घातलेलं वाया जात नाही.

लिलाबाईंच्या घरी बुद्धाची तसबीर आहे, असं नर्मदाबाईंनी मला जाताना सांगितलं. याआधीही एकदा सांगितलं होतं. मी विचारलं नव्हतं.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

सुरतेला प्लेग!

प्लेग हा शब्द मी फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलेला. गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहिले होते म्हणे. एका घरातून दोन-दोन तिरड्या. आणि सुरत काय लांब आहे? निम्म्या खानदेशातली पोरं तिथे मागावर कामाला. गाड्या भरभरून लोक पळत निघालेत, असं बन्सीलालशेठ सांगत होते.

वर्गात आज दुसरी गोष्टच नव्हती. नर्मदाबाईंनी डबा आणला होता, तो वाजवला, ज्वारीचे तळलेले बिबडे निघाले. मी शेंगदाणे म्हणालो होतो. शेठनी खाल्ले, शुक्रवारचा उपवास नसतो वाटतं. नर्मदाबाईही कुडूमकुडूम खात होत्या. दात बरे झालेले दिसतात.

लिलाबाई आल्या नव्हत्या. मॅडमनी विचारलं, कोणाला काही माहिती? मला माहीत होतं म्हणून सांगितलं, "त्यांचा मुलगा निंबा सुरतेला असतो ना, पॉवरलूमवर. त्याची वाट बघत स्टँडवर गेल्या असतील." किल्ला उतरताना त्यांनीच हे सांगितलं होतं, कौतुकानं. मी आपलं माहितीसाठी सांगितलं.

त्यानंतर वर्ग लवकर सुटला.

२४ सप्टेंबर, शनिवार

कापराच्या वड्या आणल्या. एक माझ्या खिशात, एक रुपचंदच्या, दोन पुष्पाच्या पदराला बांधायला लावल्या. ती म्हणते, "नाना, कापरानं डोकं उठतं माझं." म्हटलं, डोकं उठू दे, बाकीचं शाबूत राहू दे. टेट्रासायक्लिन कुठल्याच दुकानात नाही. एकानं तर मी तोंडावर रुमाल बांधलाय बघून काउंटरमागूनच हात हलवला.

उंदीर हे मूळ. रुपचंदला सांगून उंदराच्या गोळ्या आणवल्या आणि पिठाच्या डब्यामागे, मोरीपाशी, माळ्यावर, जिथे तिथे ठेवायला लावल्या.

२७ सप्टेंबर, मंगळवार

आज वर्ग व्हरांड्यात, लांब लांब बसून. मॅडम म्हणाल्या, लिलाबाईंनी निरोप धाडलाय: निंबा आलाय, त्याला थोडी कणकण आहे. काय आहे ते कळेपर्यंत मी दार लावून घरातच राहीन, कोणी येऊ नका. मॅडम म्हणाल्या, बघा, सिस्टर ती सिस्टर. स्वतःहून केलं.

लगेच गलका. "आपण त्यांच्या शेजारी बसलो होतो!" "लाडू वाटले होते त्यांनी!" मॅडम सांगत होत्या की लाडूच्या वेळी निंबा सुरतेलाच होता, पण ऐकतंय कोण! बन्सीलालशेठनी शिपायाला हाक मारली आणि लिलाबाईंची खुर्ची बाहेर काढायला लावली. मैदानात ठेवून तिच्यावर फिनेल ओतलं. आम्ही सगळे बघत उभे होतो. खुर्ची कोणती त्यांची आणि कोणती दुसऱ्याची हे शिपायाला कळेना, तर नर्मदाबाईंनी बोट दाखवलं.

मला मनातून सारखं वाटत होतं, मी लाडू खाल्ला नाही ते फार बरं झालं. आणि असं वाटल्याचं बरं वाटत नव्हतं.

सगळं गाव लिलाबाईंबद्दल बोलतंय. भाजीवाली, इस्त्रीवाला, ज्याला बघावं तो. सुरतेचा माणूस त्यांच्या घरात आहे हे इतक्या लवकर सगळ्यांना कळलं कसं, कोण जाणे. लोकांच्या तोंडाला झाकण नाही.

२९ सप्टेंबर, गुरुवार

मेलेला उंदीर! पिठाच्या डब्यामागे!

मी किंचाळलो. पुष्पा धावत आली, तिला ओरडून बाहेर पाठवलं. रुपचंदला ऑफिसातून बोलावून घेतलं. त्यानं उंदीर शेपटीला धरून उचलला, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होता, मग म्हणाला, "नाना, तुम्ही जरा पडा." मी पडलो. काखेत गाठ आहे का हे चाचपून बघतोय. डावीकडे काहीतरी लागतं. उजवीकडेही तसंच लागतं, म्हणजे मग हाडच असावं.

गेल्या वर्षी याच दिवसांत किल्लारीचा भूकंप झाला. यंदा हे. देवाला आमच्या महाराष्ट्राचं काय वाकडं दिसतंय कळत नाही. पुष्पाला इथे ठेवायचं नाही, हे ठरलं.

वर्ग तूर्त बंद. मॅडम नाशिकला माहेरी गेल्या.

१ ऑक्टोबर, शनिवार

पुष्पाला भडगावला तिच्या आईकडे पोचवायला रुपचंद गेला. मी स्टँडपर्यंत सोबत गेलो. स्टँडवर निम्मी माणसं तोंडाला रुमाल बांधलेली, जणू दरोडेखोरांची जत्रा. गाडी लागली, दोघं चढले. मी बाकावर बसून हात हलवत होतो, तेवढ्यात कापराचा वास नाकात गेला आणि मला ठसका लागला. साधा ठसका! बाकावर आणखी माणसं होती. एकेक करून सगळी उठली. एका बाईनं तर लेकराला उचलून त्याचं तोंड तिकडे फिरवलं. समोरचा म्हातारा, माझ्याच वयाचा, मला म्हणाला, "ए बाबा, घरी जाय ना!"

मी म्हणणार होतो, मी आजारी नाही, मी जिल्हा परिषदेतला माणूस आहे, मी सावध माणूस आहे. पण सांगायचं कोणाला? लांबच लांब रिकाम्या बाकावर मी एकटाच. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि मी केलं तर काहीच नव्हतं.

पायी घरी आलो. वाटेत कोणाकडे बघितलं नाही.

४ ऑक्टोबर, मंगळवार

घर खायला उठतं. रुपचंद दिवसभर ऑफिसात. मी भात लावतो, तो खाली लागतो.

आज भाजी घ्यायला गेलो तर नर्मदाबाई भेटल्या. लांबूनच बोलल्या. निंबाला डॉक्टर बघून गेले म्हणे, हिवताप निघाला, उतरलाही. "पण डॉक्टरचं काय घेऊन बसलात नाना, डॉक्टर काय देव शे?" लिलाबाईंच्या गल्लीतल्या पोरांनी त्यांच्या दारापुढे चुन्याची रेघ मारली आहे. पावसाची सर आली की पुन्हा नवी मारतात. दूधवाला रेघेच्या अलीकडूनच परत जातो.

मी म्हटलं, "कोणी हे गावभर केलं हो? बिचारी बाई. कोणाची ही जीभ?"

नर्मदाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "नाना, आते ठाऊक नही असं करू नका. तुम्हीच सांगं ना वर्गमा! आमले काय माहीत, तिना पोऱ्या कुठं शे!"

हातातली मेथी तिथेच राहिली. मी घरी आलो.

५ ऑक्टोबर, बुधवार

मी माहितीसाठी सांगितलं होतं.

मॅडमनी विचारलं होतं म्हणून सांगितलं. कोणीही सांगितलं असतं. पण माहीत फक्त मलाच होतं. किल्ला उतरताना त्या मला सांगत होत्या, निंबा दिवाळीला येईल, येताना साडी आणेन म्हणालाय. मी तेच उचललं आणि नेऊन ठेवलं बन्सीलालशेठपुढे.

आज पानं उलटून मागचं वाचलं. सगळं माझ्याच अक्षरात आहे. मी लिहिताना आंधळा होतो की काय? मंगळवारचा उपवास, दुखरे दात, शुक्रवारी बिबडे. आणि गाय. देवळापाशी गाय उभी होती म्हणून मी लाडू घातला, की लाडू घालायचा होता म्हणून मला गाय दिसली? तेव्हा तर सुरतेचं नावही कोणी काढलं नव्हतं.

मला भीती वाटतेय. प्लेगाची वाटते, ती आहेच. पण ही वेगळी आहे, आणि हिला कापूर चालत नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

गेलो होतो. लिलाबाईंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मुकाट्यानं गेलो. तिथून दार दिसतं. निळं दार, कडेला कोणीतरी कडुलिंबाचा डहाळा खोचलेला, समोर चुन्याची जाड रेघ. रेघेपलीकडे झाडलेलं, स्वच्छ. अलीकडे गल्लीचा कचरा.

रेघेपाशी उभा राहिलो. पाय उचलेना. हिवताप निघाला हे ठाऊक होतं, तरी उचलेना. समोरच्या ओट्यावरून एकजण म्हणाला, "आबा, पुढे जाऊ नका, तिथं सुरतवालं घर शे." मी जणू वाट चुकलो होतो असं केलं, "हो का, बरं बरं" म्हणालो आणि परत फिरलो.

घरी येऊन चपला धुतल्या. रेघ तर ओलांडलीही नव्हती. घाबरट म्हणतात मला घरचे. घाबरट बरा, मी त्याहून खालचा.

९ ऑक्टोबर, रविवार

आज जसं झालं तसं लिहितो.

दुपारी पुन्हा गेलो. तोंडाला रुमाल बांधला होता, तो गल्लीच्या तोंडाशी सोडला आणि खिशात घातला. ओट्यावरचा माणूस पुन्हा ओरडला. मी म्हटलं, "मला माहीत आहे कोणाचं घर आहे ते. मी तिथेच चाललोय." आवाज चिरका निघाला. रेघ समोर आली. खाली बघू नका, वरही बघू नका, हे आठवलं. पण समोर टाचा नव्हत्या. तसाच पाय टाकला. चपलेला चुना लागला.

कडी वाजवली.

"कोन शे?"

"मी. देवचंद. वर्गातला."

आतून पावलं आली आणि दाराशी थांबली. दाराखाली फट आहे, त्यातून निळ्या पट्ट्याच्या चपला दिसल्या. दार काही उघडलं नाही.

"रेघ ओलांडून आलात, नाना?"

"हो."

"घाबरला नाहीत?"

"घाबरलोय. पाय लटपटताहेत. पायरीवर बसू का?"

"बसा. पायरी काही माझी एकटीची नाही."

मी बसलो आणि दाराकडे तोंड करून म्हणालो, "लिलाबाई, निंबा सुरतेला आहे हे वर्गात मी सांगितलं. दुसऱ्या कोणी नाही."

"ठाऊक आहे. नर्मदाबाई गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ओरडून सांगून गेल्या. त्यात काय एवढं? माझा पोऱ्या सुरतेला कमावतो हे मीच ज्याला त्याला सांगत होते." जरा थांबून म्हणाल्या, "माझी खुर्ची धुतली म्हणे."

"शिपायानं धुतली. मी बघत होतो."

"बघत होतात."

आत कोणीतरी खोकलं, निंबाच असणार. खोटं कशाला लिहू, मी उठायच्या बेतात होतो.

"बसा, ठसका आहे तो," त्या आतून म्हणाल्या. "डॉक्टर बघून गेले. मी म्हटलं होतं, त्याला बरं वाटेपर्यंत दार लावीन, मग उघडीन. ते दिवस होऊन गेले. उघडलंही होतं नाना, परवा सकाळी. दारात उभी राहिले. समोरची बाई आत निघून गेली आणि तिनं तिचं दार लावलं. मी म्हटलं, जाऊ दे, साथ गेली की येतील लोक. मग आठवलं, साथीच्या आधी तरी कोण येत होतं? म्हणून लावून घेतलं परत."

रडत नव्हत्या. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकाला सांगतात तसं सांगत होत्या. मला वाटत होतं की आता मी खोकलो तर काय म्हणतील.

मग दाराच्या आत, अगदी जवळ, काहीतरी हललं.

"ओळखा," लिलाबाई म्हणाल्या.

"काय?"

"डबा वाजवतेय. ओळखा."

मी कान दाराला लावला. आवाज नाही. झाकणावर त्यांच्या बांगडीचा टिकटिक आवाज, बस. मी बाहेर होतो आणि डबा आत होता. माझ्या ओठांवर शेंगदाणे आलं होतं, ते गिळलं.

"दराबा," मी म्हणालो.

"कशावरून?"

"मागचा मी खाल्ला नव्हता, त्यावरून."

सुरुवात केलीच होती, म्हणून सगळं सांगून टाकलं. "सूनबाईला नेतो म्हणून खिशात घातला. तिलाही दिला नाही. वाटेत गाईला घातला. तेव्हा प्लेग नव्हता, लिलाबाई. काहीच नव्हतं."

चपला जागच्या हलल्या नाहीत. मला वाटलं, आता आत निघून जातील, आणि गेल्या तर बरोबरच करतील.

"मग गाईलाच विचारून यायचं होतं," लिलाबाई म्हणाल्या, "चव कशी होती ते."

कडी निघाली.

वाळल्या होत्या. केस मोकळे, डोळ्यांखाली काळं. हातात तोच पितळी डबा. मागे खाटेवर निंबा बसला होता, मला बघून उठायला लागला, त्यांनी त्याला हातानंच बसवलं. मला "या" म्हणाल्या नाहीत, "जा"ही म्हणाल्या नाहीत. झाकण काढून डबा पुढे केला.

मी उंबऱ्यात उभा राहून एक खाल्ला. जीव मुठीत धरूनच खाल्ला, हे खरं आहे. मग दुसरा उचलला, तो नीट चवीनं खाल्ला. तूप चांगलं होतं, वेलदोडा होता. गल्लीत मागे ओट्यावर चार माणसं जमली होती, ती बघत होती. तिसरा उचलला आणि सवयीनं हात खिशाकडे गेला. लिलाबाई नुसत्या माझ्या खिशाकडे बघत राहिल्या.

तोही तिथेच तोंडात घातला. सगळाच्या सगळा. घशात बसला. मला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, श्वास कोंडला. ओट्यावरची माणसं पटापट उठून आत गेली. लिलाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत, त्यांनी माझ्या पाठीवर हात मारला.

"पाणी द्या," मी म्हणालो.

त्या क्षणभर बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि माठातून तांब्या भरून आणला. मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा प्यालो. पाणी गार होतं.